सायलस वेअर मिचेल

सायलस वेअर मिचेल (१५ फेब्रुवारी, १८२९:फिलाडेल्फिया, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका - ४ जानेवारी, १९१४:फिलाडेल्फिया) हे अमेरिकन वैद्यक, शरीरक्रियाशास्त्रज्ञ, मज्जातंतुविकारतज्ज्ञ आणि कादंबरीकार होते. अमेरिकन यादवी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या मज्जातंतूंच्या इजांचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. मज्जातंतूला इजा झाल्यावर होणाऱ्या जळजळीत वेदनेला कॉसाल्जिया हे नाव त्यांनी रूढ केले. कापून टाकलेल्या अवयवाच्या जागी तो अवयव अजून आहे असे वाटण्याच्या अनुभवाला आभासी अवयव (फँटम लिंब) हे नावही त्यांनीच दिले. अमेरिकेतील मज्जातंतुविकारशास्त्राच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. त्यांची विश्रांती उपचारपद्धती एकेकाळी अमेरिकेत व युरोपात लोकप्रिय होती, परंतु स्त्री रुग्णांवरील तिच्या परिणामांमुळे पुढे तिच्यावर कठोर टीका झाली.

जन्म आणि शिक्षण

मिचेल यांचा जन्म फिलाडेल्फियातील एका वैद्यक घराण्यात झाला. त्यांचे वडील जॉन कियर्सली मिचेल हे नामवंत डॉक्टर होते आणि जेफरसन मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. वडिलांना कवितालेखनाचीही आवड होती आणि वैद्यक व साहित्य हे दोन्ही वारसे मुलाकडे आले. मिचेल यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रवेश घेतला होता, परंतु आजारपणामुळे त्यांना ते शिक्षण अर्धवट सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी जेफरसन मेडिकल कॉलेजातून १८५०मध्ये वैद्यकीय पदवी घेतली.

पदवीनंतर ते पॅरिसला गेले. तेथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या व्याख्यानांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. प्रयोग करून पाहिल्याशिवाय शरीराच्या कार्याविषयी अनुमान काढू नये, ही बर्नार यांची शिकवण त्यांनी आयुष्यभर मानली. १८५१मध्ये फिलाडेल्फियाला परतल्यावर ते वडिलांच्या व्यवसायात साहाय्य करू लागले. दिवसा रुग्ण तपासणे आणि उरलेल्या वेळात प्रयोग करणे असा त्यांचा क्रम होता.

सर्पविषावरील संशोधन

मिचेल यांचे पहिले मोठे संशोधन खुळखुळ्या सापाच्या (रॅटलस्नेक) विषावर होते. त्यावरील त्यांचा प्रबंध १८६०मध्ये स्मिथसोनियन संस्थेने प्रकाशित केला. या विषयाकडे ते पुढेही परत आले. १८८६मध्ये एडवर्ड रायकर्ट यांच्यासह त्यांनी सर्पविषांवरील दुसरा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सर्पविष हा एकच पदार्थ नसून त्यात निरनिराळ्या गुणधर्मांची प्रथिने असतात, असे या दोघांनी दाखवून दिले. पुढे जपानहून आलेल्या हिदेयो नोगुची या तरुण संशोधकाने फिलाडेल्फियात सायमन फ्लेक्सनर यांच्या हाताखाली सर्पविषावर काम केले, तेव्हा मिचेल यांनी त्यांना पाठबळ दिले.

प्रयोगशाळेतील कामाची ओढ असूनही त्यांना प्राध्यापकपद मिळाले नाही. १८६०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि जेफरसन मेडिकल कॉलेज या दोन्ही ठिकाणी शरीरक्रियाशास्त्राच्या अध्यासनासाठी त्यांचा विचार झाला, पण निवड दुसऱ्यांची झाली. १८६५मध्ये मात्र ते अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचे सदस्य म्हणून निवडले गेले.

यादवी युद्ध आणि टर्नर्स लेन रुग्णालय

१८६१मध्ये अमेरिकन यादवी युद्ध सुरू झाले. मिचेल यांनी उत्तरेकडील संघराज्याच्या सैन्यासाठी कंत्राटी शल्यचिकित्सक म्हणून काम स्वीकारले. १८६२मध्ये त्यांच्या पत्नीचे घटसर्पाने निधन झाले आणि दोन लहान मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आली. युद्धकाळातील त्यांचे सर्व काम या दुःखानंतरचे आहे.

या युद्धात मिनी गोळीचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. मऊ शिशाची ही जड गोळी हाड फोडत आणि स्नायू व मज्जातंतू फाडत शरीरात शिरत असे. हातापायांना जखमा झालेले असंख्य सैनिक रुग्णालयांत येऊ लागले. अशा रुग्णांविषयी इतर डॉक्टरांना विशेष आस्था नव्हती, कारण जखम भरून आल्यावरही ते बरे होत नसत. मिचेल यांनी असे रुग्ण आपल्याकडे मागून घेतले. सैन्याचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड हे त्यांचे मित्र होते. हॅमंड यांनी मज्जातंतूंच्या इजा व विकार यांसाठी स्वतंत्र रुग्णालयाची सोय केली. ते अखेरीस फिलाडेल्फियाच्या सीमेवरील टर्नर्स लेन येथे स्थिरावले. तेथे ४०० खाटा होत्या. १८६३च्या जुलै महिन्यात झालेल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर तेथे रुग्णांची संख्या वाढली.

मिचेल यांचे सहकारी जॉर्ज रीड मोरहाउस आणि विल्यम विल्यम्स कीन हे होते. तिघेही रुग्णाची हकिकत, गोळी शिरण्याची व बाहेर पडण्याची जागा, त्यावेळी शरीराची स्थिती, संवेदना, हालचाल, त्वचेचा रंग व तापमान यांच्या तपशीलवार नोंदी ठेवत. या नोंदींच्या आधारे त्यांनी १८६४मध्ये बंदुकीच्या जखमा आणि मज्जातंतूंच्या इतर इजांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७२मध्ये मिचेल यांनी हाच विषय विस्ताराने मांडणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे फ्रेंच भाषेत भाषांतर झाले.

कॉसाल्जिया

मज्जातंतूला गोळी लागलेल्या काही सैनिकांमध्ये मिचेल यांना एक विशेष प्रकारची वेदना आढळली. ती जखमेच्या जागी नसून बहुधा तळहातात किंवा तळपायात होत असे. मज्जातंतू पूर्ण तुटलेला नसून अंशतः इजा झालेला असे, अशा रुग्णांत ती अधिक दिसे. ही वेदना भाजल्यासारखी, सतत जळणारी होती. त्या भागातील त्वचा लाल, पातळ आणि चकचकीत होई. नुसत्या स्पर्शानेच नव्हे, तर कागदाच्या खळखळाटाने, खोलीत कोणी पावले टाकत चालल्याने किंवा वाऱ्याच्या झुळकेनेही ती वाढत असे. रुग्ण हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत आणि पाण्याची बाटली जवळ बाळगत. काही जण बुटांत पाणी ओतून चालत. अतिशय धीराचे सैनिकही या वेदनेमुळे चिडचिडे आणि भित्रे होत, असे मिचेल यांनी नोंदवले.

या वेदनेचे वर्णन पूर्वी अगदीच झाले नव्हते असे नाही. ब्रिटिश शल्यचिकित्सक अलेक्झांडर डेन्मार्क यांनी १८१३मध्ये अशा एका सैनिकाची हकिकत प्रसिद्ध केली होती. परंतु अनेक रुग्णांचे एकत्र निरीक्षण करून तिचे स्वरूप स्पष्ट करण्याचे श्रेय मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. उष्णता व वेदना या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून बनवलेले कॉसाल्जिया हे नाव मिचेल यांनी १८६७मध्ये वापरले. ते त्यांना रॉब्ली डंग्लिसन यांनी सुचवले होते.

उपचारांची साधने तेव्हा फार थोडी होती. गार पाण्याच्या पट्ट्या, त्वचेवर फोड आणणारी औषधे, मालीश, विजेचा प्रवाह आणि मॉर्फीन यांवर भर होता. त्वचेखाली इंजेक्शन देण्याची सुई तेव्हा नवीन होती आणि टर्नर्स लेनमध्ये मॉर्फीनची इंजेक्शने मोठ्या प्रमाणावर दिली जात. मॉर्फीन आणि अट्रोपीन ही औषधे परस्परांचे परिणाम कसे बदलतात, यावरही या तिघांनी १८६५मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मॉर्फीनने वेदना काही तास कमी होई, परंतु मूळ विकार जात नसे आणि औषधाची सवय लागण्याचा धोका असे.

खरी आणि खोटी वेदना

लष्करी रुग्णालयात डॉक्टरांना एक वेगळाच प्रश्न सोडवावा लागे. जखम भरली आहे, बाहेरून काही दिसत नाही, तरी सैनिक वेदनेची तक्रार करतो. तो खरोखर आजारी आहे की पलटणीत परत जाणे टाळतो आहे? या विषयावर मिचेल, कीन आणि मोरहाउस यांनी १८६४मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. सोंग ओळखण्यासाठी ईथरची गुंगी देऊन रुग्णाच्या हालचाली पाहण्याचा मार्गही त्यांनी वापरला.

याच काळात त्यांच्या वेदनेच्या वर्णनांना वेगळे महत्त्व आले. त्वचेतील बदल, तापमानातील फरक आणि इजा झालेल्या मज्जातंतूचा मार्ग यांची वेदनेशी सांगड घातल्यामुळे, न दिसणाऱ्या वेदनेलाही शारीरिक आधार आहे हे सैनिकाच्या बाजूने सांगता येऊ लागले.

आभासी अवयव

हात किंवा पाय कापल्यानंतरही तो जागेवर असल्याची जाणीव होते, हे सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रवाज पारे यांनी नोंदवले होते. मिचेल यांना यादवी युद्धातील बहुतेक अपंग सैनिकांमध्ये ही जाणीव आढळली. काहींना नसलेल्या हाताची बोटे तळव्यात रुतल्यासारखी वाटत व त्यांच्या तीव्र वेदना होत.

हा विषय त्यांनी प्रथम कथेतून मांडला. जुलै १८६६मध्ये अटलांटिक मंथली या मासिकात लेखकाच्या नावाशिवाय जॉर्ज डेडलो या लष्करी डॉक्टरची कथा प्रसिद्ध झाली. युद्धात दोन्ही हात व दोन्ही पाय गमावलेला हा कल्पित नायक स्वतःची हकिकत सांगतो. अनेक वाचकांना ती खरी वाटली आणि त्याच्यासाठी मदतही गोळा झाली. १८७१मध्ये मिचेल यांनी लिपिनकॉट्स मासिकात आभासी अवयवांवर स्वतःच्या नावाने लेख लिहिला. वेदनेचा हवामानाशी संबंध असतो का, याचाही त्यांनी अभ्यास केला. लढाईत जखमी होऊन अंगच्छेदन झालेले कॅप्टन कॅटलिन यांनी स्वतःच्या वेदनेच्या दीर्घकाळ ठेवलेल्या नोंदी त्यासाठी दिल्या. हा अभ्यास १८७७मध्ये प्रसिद्ध झाला.

मिचेल यांचे पुत्र जॉन कियर्सली मिचेल हेही डॉक्टर झाले. त्यांनी वडिलांच्या युद्धकाळातील रुग्णांचा अनेक वर्षांनंतर पाठपुरावा केला आणि मज्जातंतूंच्या इजांच्या दूरगामी परिणामांवर १८९५मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. काही रुग्णांच्या तक्रारी तीन दशकांनंतरही कायम होत्या.

विश्रांती उपचार आणि टीका

युद्धानंतर मिचेल फिलाडेल्फियातील अस्थिव्यंग व मज्जातंतुविकारांच्या रुग्णालयात काम करू लागले. हातापायांची लाली, उष्णता व जळजळ होणाऱ्या एरिथ्रोमेलाल्जिया या विकाराचे वर्णन त्यांनी केले. हा विकार काही काळ त्यांच्याच नावाने ओळखला जात असे.

त्यांना सर्वाधिक प्रसिद्धी विश्रांती उपचाराने मिळाली. थकवा, अशक्तपणा, खिन्नता आणि तेव्हा हिस्टेरिया समजल्या जाणाऱ्या तक्रारींसाठी हा उपचार होता. रुग्णाला सहा ते आठ आठवडे अंथरुणात ठेवले जाई. घरच्या माणसांना भेटता येत नसे. भरपूर दूध व पौष्टिक आहार, मालीश आणि विजेचे उपचार दिले जात. वाचन, लेखन आणि कधीकधी स्वतःच्या हाताने जेवणेही बंद असे. १८७७मध्ये त्यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले. ब्रिटनमध्ये विल्यम प्लेफेअर यांनी तिचा प्रसार केला आणि जिग्मुंड फ्रॉइड यांनीही आपल्या सुरुवातीच्या काळात तिचा अवलंब केला.

हा उपचार मुख्यतः स्त्रियांना दिला जाई. पुरुष रुग्णांना मिचेल बहुधा मोकळ्या हवेत राहण्याचा, पश्चिमेकडील प्रदेशात घोडेस्वारी व शिकार करण्याचा सल्ला देत. त्यांचे आप्त व पुढे कादंबरीकार झालेले ओवेन विस्टर त्यांच्याच सल्ल्याने १८८५मध्ये वायोमिंगला गेले. मुलींनी कठोर बौद्धिक श्रम करणे त्यांच्या प्रकृतीला घातक असते, असे मत मिचेल यांनी आपल्या लेखनात मांडले होते.

१८८७मध्ये लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन प्रसूतीनंतरच्या तीव्र खिन्नतेसाठी मिचेल यांच्याकडे आल्या. त्यांच्या सांगण्यानुसार, उपचारानंतर त्यांना शक्य तितके घरगुती आयुष्य जगण्यास, बौद्धिक काम दिवसाला दोन तासांपुरते ठेवण्यास आणि लेखणी कधीही हाती न घेण्यास सांगण्यात आले. या सल्ल्याने आपण वेडाच्या काठावर पोहोचलो, असे त्यांनी पुढे लिहिले. १८९२मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची द यलो वॉलपेपर ही कथा याच अनुभवावर आधारलेली आहे. ही कथा वाचून मिचेल यांनी आपली पद्धत बदलली असे आपल्या कानावर आल्याचे गिलमन यांनी सांगितले, परंतु मिचेल यांच्या लेखनात त्याला पुष्टी मिळत नाही.

टर्नर्स लेनमध्ये रुग्णाच्या शब्दांना नोंदवहीत जागा देणाऱ्या डॉक्टरने स्त्री रुग्णांच्या बाबतीत मात्र त्यांचे म्हणणे बाजूला ठेवले, असा आक्षेप विसाव्या शतकातील अनेक अभ्यासकांनी घेतला आहे. दुसऱ्या बाजूला, ज्या काळात अशा रुग्णांना ढोंगी समजले जाई किंवा वेड्यांच्या इस्पितळात पाठवले जाई, त्या काळात मिचेल यांनी त्यांचा आजार उपचारयोग्य मानला, याकडेही लक्ष वेधले जाते. १८९४मध्ये मनोरुग्णालयांच्या अधीक्षकांसमोर केलेल्या भाषणात, ही रुग्णालये वैज्ञानिक संशोधनापासून तुटली आहेत, अशी उघड टीका त्यांनी केली होती.

साहित्य

पन्नाशीनंतर मिचेल यांनी कादंबरीलेखनाला अधिक वेळ दिला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पार्श्वभूमीवरील ह्यू विन, फ्री क्वेकर ही त्यांची कादंबरी १८९७मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला मोठा वाचकवर्ग लाभला. ते कविताही लिहीत. ईथरने भूल देऊन केलेल्या पहिल्या जाहीर शस्त्रक्रियेला १६ ऑक्टोबर, १८९६ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त बॉस्टनमध्ये झालेल्या समारंभात त्यांनी वेदनेचा जन्म व मृत्यू या विषयावरील स्वरचित कविता वाचली. त्याच वर्षी पेयोटी या निवडुंगाचा अर्क स्वतः घेऊन त्यांनी दिसलेल्या भासांचे वर्णन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले.

वैयक्तिक जीवन आणि मृत्यू

मिचेल यांचा पहिला विवाह १८५८मध्ये मेरी मिडलटन एल्विन यांच्याशी झाला. त्यांच्या दोन मुलांपैकी लँग्डन मिचेल हे नाटककार म्हणून प्रसिद्ध झाले. पत्नीच्या निधनानंतर सुमारे बारा वर्षांनी त्यांनी मेरी कॅडवालाडर यांच्याशी विवाह केला. त्यांची मुलगी मराया हिचाही १८९८मध्ये घटसर्पानेच मृत्यू झाला. ४ जानेवारी, १९१४ रोजी फिलाडेल्फियात मिचेल यांचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या पत्नीही वारल्या. त्यांचे दफन फिलाडेल्फियातील वुडलँड्स दफनभूमीत करण्यात आले.

मज्जातंतुवेदनेवरील नंतरचे उपचार

मिचेल यांनी वर्णन केलेल्या वेदनेवर पहिल्या महायुद्धात फ्रेंच शल्यचिकित्सक रने लरीश यांनी अनुकंपी मज्जातंतूंवरील शस्त्रक्रिया करून पाहिल्या. १९९४मध्ये वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कॉसाल्जियाचा समावेश कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम या विकाराच्या दुसऱ्या प्रकारात केला. ज्या रुग्णांत मज्जातंतूची इजा निश्चित दाखवता येते, ते या प्रकारात मोडतात.

औषधोपचारातील महत्त्वाचा बदल अनपेक्षित दिशेने आला. स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ रोलांड कून यांनी १९५७मध्ये इमिप्रामीन हे औषध नैराश्यावर उपयोगी पडते असे दाखवले. त्यानंतर अमिट्रिप्टिलीन हे त्याच गटातील औषध आले. नैराश्यविरोधी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांच्या दीर्घकालीन वेदनाही कमी होतात, असे १९६०च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागले. मन उल्हसित झाल्यामुळे वेदना सुसह्य होते, असे सुरुवातीला अनेकांना वाटले. १९८२मध्ये कॅनडातील एका नियंत्रित चाचणीत नागीण झाल्यानंतर उरणाऱ्या वेदनेवर अमिट्रिप्टिलीन परिणामकारक ठरले. नैराश्य नसलेल्या रुग्णांनाही त्याचा लाभ झाला. मधुमेहामुळे होणाऱ्या मज्जातंतुवेदनेवरील चाचण्यांतही असाच निष्कर्ष निघाला.

मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारे काही मार्ग वेदनेचे संदेश दाबून ठेवतात. या मार्गांवर नॉरअॅड्रिनॅलीन आणि सेरोटोनिन ही रसायने काम करतात. अमिट्रिप्टिलीन त्यांचे पुनर्शोषण रोखते आणि त्यामुळे वेदना दाबण्याची क्रिया बळकट होते. ते मज्जातंतूंमधील सोडियम वाहिन्यांवरही परिणाम करते. वेदनेसाठी दिली जाणारी मात्रा नैराश्याच्या मात्रेपेक्षा सहसा कमी असते. साधारणतः रात्री १० ते २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून ती हळूहळू वाढवली जाते. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, गुंगी, लघवी अडणे आणि हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता हे दुष्परिणाम होऊ शकतात. त्यामुळे वृद्ध व हृदयरोगी व्यक्तींमध्ये विशेष काळजी घ्यावी लागते. ड्युलोक्सेटीन या नंतरच्या औषधाला २००४मध्ये अमेरिकेत मधुमेही मज्जातंतुवेदनेसाठी मान्यता मिळाली.

या औषधांना मर्यादा आहेत. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या एका व्यापक आढाव्यानुसार, अमिट्रिप्टिलीनच्या गटातील औषधे सुमारे चार रुग्णांना दिल्यावर त्यांपैकी एकाला औषधामुळे लक्षणीय आराम मिळतो. ड्युलोक्सेटीनच्या गटासाठी हे प्रमाण सुमारे सहांत एक असे आहे. बहुतेक चाचण्या मधुमेह व नागिणीच्या रुग्णांवर झाल्या आहेत. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मज्जातंतूंना इजा झालेल्या स्त्रियांमध्ये १९९६च्या एका फिनिश चाचणीत अमिट्रिप्टिलीन उपयोगी ठरले, परंतु अंगच्छेदनानंतरच्या वेदनेवरील चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

नैराश्यावरील औषध लिहून दिले की आपली वेदना डॉक्टरांना काल्पनिक वाटते, असा समज काही रुग्णांचा होतो आणि ते औषध सोडून देतात. त्यामुळे हे औषध मज्जातंतूंवरील परिणामासाठी दिले आहे, हे रुग्णाला सुरुवातीलाच समजावून सांगणे उपचाराचा आवश्यक भाग मानले जाते.

निवडक ग्रंथसंपदा

रिसर्चेस अपॉन द व्हेनम ऑफ द रॅटलस्नेक (१८६०)
गनशॉट वून्ड्स अँड अदर इंजुरीज ऑफ नर्व्हज (१८६४, सहलेखक: मोरहाउस, कीन)
वेअर अँड टेअर (१८७१)
इंजुरीज ऑफ नर्व्हज अँड देअर कॉन्सिक्वेन्सेस (१८७२)
फॅट अँड ब्लड (१८७७)
डॉक्टर अँड पेशंट (१८८८)
ह्यू विन, फ्री क्वेकर (कादंबरी, १८९७)
वेस्टवेज (कादंबरी, १९१३)